कोरियन जावई चालतो, मग शेजारचा?

खारघरच्या आमच्या वर्गात "गृहपाठ काढा" म्हटलं की मागच्या बाकावरून "ने" असं उत्तर येतं. "ने" म्हणजे कोरियन "हो". मुलींनी तो मोबाइलवरच्या मालिकांतून उचललाय. पालकसभेत एक आई म्हणाल्या, "मॅडम, हिला आता कोरियन नवराच शोधावा लागणार!" सगळे हसले. कुणाचाही धर्म बुडाला नाही.

हाच विनोद शेजारच्या इमारतीतल्या परधर्मीय मुलाच्या नावाने झाला असता तर? तो सलीम असो वा संदीप, हसू तिथेच थांबलं असतं.

कोरियाचं कौतुक करायचं तर पुरतं करू. तिथे 2008 साली बहुसांस्कृतिक कुटुंबांना आधार देणारा कायदा झाला. परदेशातून लग्न करून आलेल्यांना भाषा शिकवणारी, सल्ला देणारी, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावणारी केंद्रं तिथे चालतात. तो देश म्हणजे स्वर्ग नाही. देगू शहरात सर्वोच्च न्यायालयाने मशिदीच्या बांधकामाच्या बाजूने निकाल दिल्यावरही विरोधकांनी तिथे डुकराची मुंडकी ठेवली. तरीही अशा घरांना मदत करणं हे सरकारचं काम आहे, एवढं तिथल्या कायद्याने मान्य केलंय.

आपल्याकडे? 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर 30 दिवस आधी नोटीस द्यायची. ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लागते. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. टीका झाल्यावर "आंतरजातीय" वगळलं, "आंतरधर्मीय" ठेवलं. समितीचं एक काम म्हणजे अशा लग्नांची माहिती गोळा करणं. तिकडे भाषेचे वर्ग, इकडे नोंदवही!

पण फक्त सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. मोहल्ल्यात मुलाने बाहेरची मुलगी आणली की आपण तिचं नाव बदलून मिठाई वाटतो. ती मनापासून आली असेल तर तो तिचा हक्कच आहे. पण तिला खरंच कुणी विचारलं का? आणि आपल्या मुलीने बाहेर लग्न केलं तर घरात तिचं नावही निघत नाही. ही दोन मापं कुठल्या किताबातली?

माझी सासू कोकणी बोलते, मी दख्खनी, मुलं मराठी. घर मोडलं नाही, शब्द वाढले.

मुलीच्या मर्जीशिवाय निकाह नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. मग तिने कुणाला "कबूल" म्हणायचं हे आपणच आधी ठरवणार असू, तर तिला विचारतो तरी कशाला?