डॉक्टरकीच्या वाटेवरील खुरपणी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हल्लीं एखादें तरी मूल असें असतें, कीं ज्याच्याकडे पाहून आईबाप म्हणतात, हा डॉक्टर होणार. मुलगा दहावीला गेला कीं बापाची झोप उडते, आणि नीट परीक्षेचा निकाल लागेपर्यंत घरांत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. अशा घरांतून एक समज आम्हांस वारंवार आढळतो. ही ओढाताण काय ती आपल्याच नशिबीं आहे, अमेरिकेंत मात्र हुशारीला सरळ वाट मोकळी आहे, असा तो समज होय. परवां चावडीपुढें एका सुतार गृहस्थांनीं आम्हांस हेंच ऐकविलें. "गुरुजी, तिकडं गुणाला मोल हाय." त्यांस तेव्हां दिलेलें उत्तर अपुरें होतें, तें येथें पुरें करतों.

प्रथम तेथील वाट पाहूं. अमेरिकेंत, थोडे अपवाद सोडले तर, शाळा संपवून कोणासही एकदम वैद्यकीय कॉलेजांत जातां येत नाहीं. आधीं चार वर्षें घालवून पदवी घ्यावी लागते. पदवीचा विषय कोणताही चालतो, इतिहाससुद्धां. मात्र तेवढ्या काळांत जीवशास्त्र, सामान्य रसायन, सेंद्रिय रसायन व पदार्थविज्ञान हे विषय प्रयोगांसह झालेले असावे लागतात, आणि पुष्कळ ठिकाणीं जीवरसायन व गणितही मागतात. या वाटेनें जाणाऱ्यास तेथें 'प्रीमेड' म्हणतात. त्यावर पुन्हां एमकॅट नांवाची परीक्षा आहे. सकाळीं बसलेला विद्यार्थी मधल्या सुट्या धरून साडेसात तासांनीं उठतो, आणि तिची फी ३०० डॉलरांहून अधिक आहे. इतकें झाल्यावर इस्पितळांत बिनपगारी काम केल्याचे दाखले, संशोधनाचे दाखले आणि प्राध्यापकांचीं शिफारसपत्रें जोडून अनेक कॉलेजांकडे अर्ज करावयाचे. २०२३ सालीं एम.डी.च्या कॉलेजांसाठीं ५२,००० हून अधिक अर्जदार होते. आंत गेले ते २३,००० च्या आसपास.

पांचांत दोघे गेले, म्हणजे फार वाईट नाहीं, असें कोणी म्हणेल. पण हा हिशेब फसवा आहे. जे अर्जापर्यंत पोंचलेच नाहींत त्यांस यांत कोणीं मोजलेलें नाहीं, आणि खरी गोष्ट तेथेंच आहे. रसायनासारख्या विषयांस तेथील विद्यार्थी उघडपणें खुरपणीचे विषय म्हणतात. नांव चांगलें शोधलें आहे! आमच्या आयाबहिणी वांकून खुरपतात तेव्हां तण कोणतें आणि पीक कोणतें हें त्यांस दिसत असतें. तिकडे हें कसें ओळखतात तें ऐका.

मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या रसायनास तीन-तीनशें मुलें एका दालनांत बसतात. कित्येक ठिकाणीं श्रेणी देण्याची रीत अशी, कीं तुम्हांस विषय किती आला यापेक्षां इतरांच्या मानानें तुम्ही कोठें आहां यावर ती ठरते. समजा, शंभरांत वीस जणांसच वरची 'ए' श्रेणी द्यावयाची असें आधींच ठरलें. मग सारा वर्ग चांगला शिकला तरी एकवीसावा खालींच राहणार. 'ए' चे चार, 'बी' चे तीन, 'सी' चे दोन, अशी सरासरी काढतात, आणि वैद्यकीय कॉलेजांत शिरणाऱ्यांची सरासरी ३.७ च्या वर असते. तेव्हां पहिल्याच वर्षीं एक-दोन 'सी' पडल्या कीं पोरगें मनानें खचतें आणि वाट सोडतें. शिवाय शेजाऱ्याचें नुकसान हा आपला फायदा होऊन बसतो. शेजाऱ्याचें पीक बुडेल तरच तुमचा सारा माफ होईल, असा कायदा उद्यां गांवांत केला तर पाटाचें पाणी कोण कोणास सोडील? मग टिपण दाखविण्यास मुलें कां कू करतात यांत नवल तें काय. आम्ही पट्टी घेऊन वर्गांत उभे राहणारीं माणसें आहोंत. चाळीस मुलांस पाढे येऊं लागले तर चाळिसांसही शाबासकी देतों, आणि त्यानें पाढ्यांची किंमत उतरल्याचें आम्हांस अद्याप दिसलें नाहीं.

विषय सोपे करावेत असें आमचें म्हणणें नाहीं. रोग्याच्या अंगास हात लावणारा मनुष्य पक्का असलाच पाहिजे. २०२२ सालीं न्यूयॉर्क विद्यापीठांत सेंद्रिय रसायनाच्या वर्गांतील ३५० पैकीं ८२ विद्यार्थ्यांनीं मेटलंड जोन्स या ८४ वर्षांच्या प्राध्यापकांविरुद्ध तक्रारअर्ज केला. आमच्या श्रमाच्या मानानें गुण पडत नाहींत, अशी त्यांची तक्रार. या गृहस्थांनीं त्या विषयावर मोठें पाठ्यपुस्तक लिहिलेलें, आधीं प्रिन्स्टन येथें अनेक वर्षें शिकविलेलें. त्यांचें म्हणणें, मुलांचें लक्ष व हजेरी उतरली आहे आणि कोरोनाच्या सांथीनंतर तर फारच. त्यांस काढावें असें अर्जांत कोठेंही नव्हतें, तरी विद्यापीठानें पुढील सत्र लागण्यापूर्वीं त्यांचा करार संपविला. आमच्या मतें येथें दोन्ही पक्ष थोडेथोडे खरे होते, आणि सर्वांत वाईट वागलें तें विद्यापीठ. विद्यार्थी म्हणजे गिऱ्हाईक आणि मास्तर म्हणजे दुकानांतला नोकर, हा त्याचा न्याय. श्रेणीची रीत मात्र जेथल्या तेथें राहिली.

आतां तण म्हणून उपटलें जातें कोण? स्टॅनफर्ड विद्यापीठांतील डोनाल्ड बार यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या तपासणींत असें आढळलें, कीं ज्या समाजांतून डॉक्टर थोडे निघाले त्या समाजांचीं मुलें डॉक्टर होण्याची आस घेऊन येतात, पण पहिल्या दोन वर्षांत त्यांची ती आस इतरांपेक्षां अधिक वेगानें ओसरते, आणि याचें मोठें कारण तीं रसायनाचे वर्ग असें सांगतात. उत्पन्नाप्रमाणें अमेरिकेंतील घरांचे पांच सारखे भाग केले, तर वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश वरच्या दोन भागांतून येतात आणि अगदीं तळच्या भागांतून शंभरांत पांचाच्या आसपास. रात्रीं दुकानांत काम करून सकाळीं प्रयोगशाळेंत उभा राहणारा मुलगा आणि शिकवणीला खासगी मास्तर ठेवणारा मुलगा यांस एकाच मापानें मोजून त्या मापास 'गुण' म्हणावयाचें! आमच्या सुतार मित्रांस सांगावयाचें तें हेंच. तिकडे मोल आहे खरें, पण तें गुणाचें किती आणि सवडीचें किती, हें पाखडून पाहिलें पाहिजे.

ही वेस मूळची नव्हे. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास गेल्या त्या कॉलेजचें तोंड न पाहतां, आणि तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांतून १८८६ सालीं डॉक्टर झाल्या. त्या काळीं कित्येक कॉलेजें पैसे घेऊन नुसत्या पदव्या वाटीत, हेंही खरें. १९१० सालीं अब्राहम फ्लेक्सनर यांनीं अमेरिका व कॅनडांतील १५५ वैद्यकीय कॉलेजें पाहून कडक अहवाल लिहिला. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, आमच्यासारखे शाळामास्तर होते. त्यांच्या अहवालानें भोंदू कॉलेजें बंद पडलीं, तें बरें झालें. पण कृष्णवर्णीयांच्या सात कॉलेजांपैकीं हॉवर्ड व मेहारी हीं दोनच ठेवावींत असा सल्लाही त्यांतच होता, आणि १९२३ नंतर तेवढींच उरलीं. शास्त्राची चाळण लावतांना ती कोणाच्या हातीं आहे हें पाहावयाचें राहून गेलें. २०२३ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें प्रवेश देतांना वर्ण विचारांत घेण्यास मनाई केली, आणि २०२४ सालीं वैद्यकीय कॉलेजांत शिरलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक घटली.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. कॅलिफोर्नियांत बर्कले येथें उरी ट्रीझमन नांवाच्या गणिताच्या शिक्षकानें १९७० नंतरच्या दशकांत एक साधी गोष्ट केली. कृष्णवर्णीय मुलें गणितांत कां मागें पडतात हें सहकाऱ्यांस विचारतां, घरची शिस्त नाहीं, हौस नाहीं, अशीं उत्तरें आलीं. आपल्या ओळखीचीं आहेत तीं! मग हा मनुष्य मुलांच्या खोल्यांत जाऊन पाहूं लागला. तीं मुलें कसून अभ्यास करीत, पण प्रत्येक जण एकटा. चिनी घराण्यांतलीं मुलें आपापलें गणित सोडवून संध्याकाळीं एकत्र बसत, एकमेकांच्या चुका काढीत, बरोबर जेवीत. ट्रीझमननें सर्वांस तसें एकत्र बसविलें, गणितें सोपीं न देतां अधिक अवघड दिलीं, आणि त्या मुलांचे गुण चढले.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय वैद्यकीय कॉलेजानें १९८७ सालापासून कांहीं विद्यार्थी सेंद्रिय रसायन व एमकॅट यांवांचून घेतले, तेही पुढें इतरांच्या बरोबरीनें डॉक्टर झाले. डेव्हिस येथील कॉलेज अर्जदारानें कोणत्या अडचणींतून शिक्षण केलें याचें माप धरतें. वैद्यकीय कॉलेजांच्या आंत पुष्कळ ठिकाणीं पहिल्या वर्षांत नुसतें पास-नापास ठेवलें आहे, आणि डॉक्टरीच्या परवान्याची पहिली परीक्षाही जानेवारी २०२२ पासून तशीच झाली, कारण आंतील मुलांस ही चुरस सोसवत नाहीं असें वडीलधाऱ्यांस पटलें. मग वेशीबाहेरच्या अठरा वर्षांच्या पोरास ती सोसते, हें त्यांस कोणीं सांगितलें? त्या विद्यापीठांनीं प्रथम रसायनाच्या वर्गांतील ठरीव वांटणी बंद करावी, विषय ज्यास आला त्यास पुरी श्रेणी द्यावी, आणि रात्रीं काम करणाऱ्या मुलाच्या कामाचे तास अर्जांत इस्पितळांतील बिनपगारी तासांइतकेच धरावे.