गोळी रुग्णाच्या गावापर्यंत गेली पाहिजे

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, पुणे



जुन्नर-आंबेगावच्या सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या वृद्धांच्या तक्रारी ओळखीच्या आहेत: बीपी, शुगर, दमा, गुडघेदुखी. अनेकांना यातल्या दोन-तीन एकदम. २०१७-१८ च्या 'लासी' या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या सुमारे ३२ टक्के लोकांनी उच्च रक्तदाब आणि १४ टक्के लोकांनी मधुमेह असल्याचे सांगितले होते. हे आजार बरे होत नाहीत, रोजच्या गोळीने ताब्यात राहतात. गोळ्या संपल्या आणि त्रास जाणवला नाही, की औषध थांबते. मग एके दिवशी थेट अर्धांगवायू. शिवाय गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रक्तदाब वाढवू शकते, मूत्रपिंडाला इजा करू शकते, आणि केसपेपरवर तिची नोंदही नसते.

अडचण उपचारांत नाही, पाठपुराव्यात आहे. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आणि घोडेगाव-नारायणगावची ग्रामीण रुग्णालये शल्यचिकित्सकांकडे; प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे. डिस्चार्ज मिळालेला म्हातारा या दोघांच्या मधल्या फटीत पडतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पण आहुपे किंवा हातवीजहून येणाऱ्या आजीचा दिवस मोडतो, सोबतच्या मुलाची मजुरी बुडते. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेचे ५ लाखांचे कवच आहे, तेही दाखल झाल्यावर. झटका आल्यावर लाखो रुपये, झटका टाळणारी गोळी मात्र त्यात बसत नाही. म्हणून मागणी एकच: डिस्चार्ज देतानाच रुग्णाचे नाव आणि औषधांची यादी त्याच्या उपकेंद्राला कळवावी, आणि महिन्याच्या गोळ्या तिथेच मिळाव्यात.

उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी एमबीबीएस डॉक्टर नाहीत, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण इथे निदान करायचे नाही की डोस बदलायचा नाही. बीपी मोजून ठरलेली गोळी द्यायची. आकडा चढलेला दिसला तर ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांना विचारायचे. औषधांचा तुटवडा हा दुसरा आक्षेप. उलट, नावनिशी यादी असली तरच गावाला किती गोळ्या लागतात हे आधी कळेल आणि मागणी वेळेत जाईल. तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ पासून बीपी-शुगरची औषधे घरपोच द्यायला सुरुवात केली. आम्ही तर उपकेंद्रापर्यंतच मागतो आहोत. सुरुवात घोडेगाव रुग्णालयापासून करावी आणि सहा महिन्यांनी किती जणांचा रक्तदाब ताब्यात आला ते जाहीर करावे.

आपला,
आंबेगाव तालुक्यातील एक नागरिक