‘गरोदर बाईचे पाय सुजायचेच!’

गरोदर बाईचे पाय सुजले की घरात, कामावर आणि पुष्कळदा दवाखान्यातही एकच वाक्य ऐकू येते : ‘सुजायचेच!’ सासू म्हणते, ‘माह्या वक्ताले बी सुजले होते, काय झालं?’ फार तर सल्ला मिळतो, मीठ कमी खा, आराम कर. मैत्रिणींनो, या वाक्याविरुद्ध मला लिहायचे आहे.

वाक्य पूर्ण खोटे नाही, म्हणूनच ते धोक्याचे आहे. गरोदरपणात अंगात पाणी साठते, वाढत्या गर्भाशयाचा शिरांवर दाब येतो, संध्याकाळी घोटे सुजतात आणि रात्री पाय उंच ठेवून निजले की सूज बरीच उतरते. बहुतेकींचे असेच असते. पण तोंड-हात सुजले, बांगड्या रुतू लागल्या, डोके सारखे दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीखाली पोटात कळ आली, किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे.

पाच महिन्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे आणि लघवीतून प्रथिन जाणे, हा प्रीएक्लॅम्प्सिया. वेळीच लक्ष दिले नाही तर झटके येतात, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. या आजाराच्या निदानात डॉक्टर आता सूज धरत नाहीत, कारण ती निरोगी बाईलाही येते आणि सूज नसतानाही आजार असू शकतो. म्हणजे नुसते पाय बघून सासूला काही सांगता येत नाही, आणि डॉक्टरलाही नाही. दंडाला पट्टा बांधावा लागतो, लघवी तपासावी लागते. मीठ तोडून हा आजार टळत नाही.

उपाय महागही नाही. २००२ साली ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार बायांवरील अभ्यासाने दाखवले की मॅग्नेशियम सल्फेट या स्वस्त औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. पण आजार कळला तर औषध! रक्तदाबाचा रकाना कोरा असलेली माता-बाल संरक्षण कार्डे मी पाहिली आहेत. मोजलाच, तर आकडा बाईला सांगत नाहीत. शरीर तिचे, आकडा मात्र साहेबांचा.

आता ‘आराम कर’विषयी. नागपूरला लागून अमरावती रोडवर वाडी आहे, ट्रकांची आणि गोदामांची. तिथे पॅकिंग करणाऱ्या आणि धुणीभांडी करणाऱ्या बायांमध्ये मी काम करते. सातव्या महिन्यातही त्या दिवसभर उभ्या असतात. बसायला स्टूल मागितले तर ‘मग घरीच बस’ असे उत्तर मिळते. घरी बसले की रोजी बुडते. अशा बाईला आराम सांगणे ही थट्टा आहे.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने लिहून ठेवले की प्रसूतीआधीच्या सहा आठवड्यांच्याही अगोदरच्या महिन्यात, बाईने मागणी केल्यास, तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. पण ‘मागणी केल्यास’! ठेकेदाराच्या हजेरीपटावर जिचे नावच नाही, तिने कुणाकडे मागायचे? आणि मोलकरणीला तर हे कलम लागूच पडत नाही.

म्हणून आपल्या गटांनी तीन गोष्टी धराव्यात. प्रत्येक तपासणीत रक्तदाब आणि लघवी पाहिलीच पाहिजे, आणि आकडा बाईला तिच्या भाषेत सांगून कार्डावर लिहिला पाहिजे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी ठरलेली आहे; त्या दिवशी आपल्यातली एक तरी तिथे हजर राहून कार्डे बघावी. आणि प्रत्येक गोदामात, प्रत्येक मालकिणीच्या घरी गरोदर बाईला बसून काम करता आले पाहिजे, रोजी न कापता.

स्टूल ही फार मोठी मागणी नाही. तेवढेही मिळत नसेल, तर ‘सुजायचेच’ म्हणणाऱ्यांना आपण विचारूया : सुजायचेच, की सुजवायचेच?