खाडीकाठी एक गरी

काश्मीरच्या थंड ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. इंग्रजांनी तो साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे आणून सोडला. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गरीला बांधून तो पकडतात, आणि या छंदाचे शौकीन मोठी नदी सोडून मुद्दाम लहान, निर्जन ओढा शोधतात. ट्राउटला थंड पाणी लागते, त्यामुळे तो आपल्या रायगडात जगायचा नाही. पण गर्दीपासून दूर लहानशा पाण्याकाठी गरी टाकून बसण्याची मजा आपल्याकडेही आहेच.

शनिवार-रविवारी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची झुंबड असते. त्याच वेळी खाजणाच्या बांधावर मात्र बगळ्यांशिवाय कोणी नसते. कोर्लईच्या किल्ल्यासमोर कुंडलिका समुद्राला मिळते. तिच्या खाडीचे लहान लहान फाटे तिवरांमधून आत शिरतात. बांधाची उघाडी जिथे असते, तिथे पाण्याला ओढ असते आणि मासा तिथेच घोटाळतो.

सामान फार लागत नाही. एक काठी, तंगूस, थोडे शिसे, दोन-तीन मापांच्या गऱ्या आणि आमिषाला कोळंबी. लहान गरीला काळुंदर लागते, मोठीला तांबोशी, आणि नशीब जोरावर असेल तर जिताडा. शिंगाळी लागली तर मुलांना हात लावू देऊ नका. तिच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांजवळ काटे असतात, आणि ते टोचले की ठणका लवकर उतरत नाही.

वेळ कशी ठरवायची? भिंतीवरचे हिजरी कॅलेंडर पाहा. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. आपली तारीख चंद्रदर्शनापासून सुरू होते, म्हणून तिच्यात एक मिळवायचा. १५ तारखेनंतर आधी १५ वजा करायचे. ७ तारीख असेल तर ८ ची पाऊणपट ६. म्हणजे सहाच्या सुमारास भरती. २२ तारखेलाही तेच उत्तर येते. हिशेब मोटामोटी आहे, पण खाडीकाठी बसायला पुरतो. हे भांगाचे दिवस असतात. पाण्याला जोर कमी असतो आणि गरी जागेवर राहते. असरची नमाज पढून निघावे, पाणी चढताना बसावे आणि मगरिबला उठावे. सातवीच्या मुलांना हे गणित घातले तर अपूर्णांकांचा कंटाळा कुठल्या कुठे पळतो.

आता एक प्रश्न, जो घरातली मोठी माणसे हमखास विचारतात: हा वेळेचा अपव्यय नाही का? समुद्रातून ताजे मांस मिळते, ही अल्लाहची नेमत असल्याचे सूरह नह्लमध्ये आले आहे. खाण्यासाठी मासा धरणे जायज आहे, याबद्दल वाद नाही. परदेशातले अनेक शौकीन मात्र मासा पकडतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करू नका, अशी हुजूर (स.) यांची ताकीद आहे. ती लक्षात घेतली तर नुसत्या गंमतीसाठी जिवाला गरी टोचणे मनाला पटत नाही. आपला साधा नियम बरा: खायचा तोच मासा धरायचा, लहान लागला तर ओल्या हाताने गरी सोडवून लगेच पाण्यात सोडायचा, आणि घरापुरते झाले की काठी आवरायची.

खरी परीक्षा जूनमध्ये असते. पहिल्या मोठ्या पावसात ओढे फुगतात आणि गाबोळीने भरलेले मासे उलट्या पाण्याने शेतात चढतात. यालाच आपण वलगण म्हणतो. रात्री बॅटऱ्या, कोयते आणि जाळी घेऊन सारा गाव शेतात उतरतो. मासा गुडघाभर पाण्यात, हाताच्या अंतरावर असतो. अंडी घालण्याआधीच तो टोपलीत गेला, तर पुढच्या वर्षी ओढ्यात काय उरणार?

सूरह आराफमधली समुद्रकाठच्या वस्तीची हकीकत आपल्या घरांतल्या मुलांना पाठ असते. ज्या दिवशी शिकार मना होती, नेमक्या त्याच दिवशी मासे वर येऊन दिसत. इतर दिवशी फिरकत नसत. वलगणीबद्दल फतवा देण्याचा अधिकार माझा नाही. पण जे सहज हाताशी येते तेच कधी कधी इम्तिहान असते, एवढा बोध तर शिक्षकालाही सांगता येतो. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तीही प्रजननासाठीच. मग शेतातल्या माशाला चार दिवसांची सवलत द्यायला आपल्याला कशाची अडचण आहे?

गरीचा मोठा गुण हाच. ती एका वेळी एकच मासा देते आणि दोन माशांमध्ये विचार करायला वेळ देते. मुलांना नेताना मोबाईल घरी ठेवायला सांगा. पहिल्या अर्ध्या तासात ती दहादा विचारतील, "कधी लागणार?" नंतर गप्प होतील, पाण्याकडे बघू लागतील. त्या दिवशी टोपली रिकामी राहिली तरी चालेल. घरी डाळ-भात आहेच.