पोरांचा पगार आणि शनिवारचा खेळ

ऑक्टोबर संपत आला की मिशिगनमधल्या मराठी घरांत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, मंडळानं दिवाळीचा कार्यक्रम नेमका मॅचच्या शनिवारी ठेवला. दुसरी, कॉलेज फुटबॉल आता पूर्वीचं राहिलं नाही. पोरांना पैसे मिळायला लागले आणि खेळ नासला. पहिली तक्रार रास्त आहे. दुसरीशी मला भांडायचं आहे.

२०२४ चा हंगाम निम्म्यावर आला तेव्हा आपल्याकडे सगळं उलटंपालटं झालं होतं. रविवारी खेळणाऱ्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या ज्या डेट्रॉइट लायन्सवर विनोद करत आपली एक पिढी इथे रुळली, २००८ साली जे सोळाच्या सोळा सामने हरले, त्यांनी सातपैकी सहा सामने जिंकले होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांनी टेनेसीला ५२-१४ असं धुतलं. आणि ज्या मिशिगन विद्यापीठाच्या नावानं आपण कॉलर ताठ करून फिरतो, ते आठपैकी तीन सामने हरून बसलं होतं. २०२४ च्याच जानेवारीत वॉशिंग्टनला ३४-१३ असं हरवून मिशिगननं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं होतं. त्याच वॉशिंग्टननं त्या ऑक्टोबरमध्ये सिअॅटलला बोलावून २७-१७ अशी परतफेड केली. इलिनॉयविरुद्ध तर अख्ख्या सामन्यात आपले सात गुण.

लायन्सच्या चाहत्याला पराभव पचवायची सवय आहे, शिवाय त्याला वेळही मिळतो. २०२२ मध्ये पहिल्या सातपैकी सहा सामने हरूनही लायन्सनी हंगाम ९-८ असा संपवला होता. शनिवारच्या कॉलेज फुटबॉलमध्ये अशी उसंत नाही. २०२४ पासून प्लेऑफमध्ये चारऐवजी बारा संघ घेतले जाऊ लागले, तरी ऑक्टोबरमध्ये तिसरा पराभव पदरी पडला की पुढचं गणित मांडायची गरज उरत नाही. मग चाहता कारणं शोधायला लागतो, आणि हाताशी तयार कारण असतं पोरांच्या पैशाचं. वास्तविक मिशिगन का घसरलं हे उघड आहे. प्रशिक्षक जिम हारबॉ एनएफएलच्या चार्जर्सकडे गेले आणि २०२४ च्या एप्रिलमधल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, आपले तेरा खेळाडू एनएफएलनं उचलले. यात पोरांना मिळणाऱ्या पैशाचा संबंध कुठे आला?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबर २०२४ ला, आम्ही चार-पाच घरची माणसं एका मित्राकडे लायन्सची डॅलसविरुद्धची मॅच बघत होतो. आदल्या दिवशीचं श्रीखंड संपवायचं काम चालू होतं. लायन्स भरपूर पुढे, त्यामुळे अर्धं लक्ष गप्पांत. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लायन्सच्या एडन हचिन्सननं डॅलसच्या क्वार्टरबॅकला, प्रेस्कॉटला, पाडलं आणि त्याच झटापटीत हचिन्सनची नडगी आपल्याच एका सहकाऱ्याच्या पायावर आपटली. तो उठला नाही. पायाची दोन्ही हाडं मोडली होती. पाय बांधून त्याला गाडीवरून मैदानाबाहेर नेईपर्यंत खोलीत कुणी चमचाही वाजवला नाही. हा आपला मुलगा, इथल्याच प्लिमथचा. हा मिशिगनकडूनच खेळलेला, आणि याचे वडीलही. २०२२ मध्ये लायन्सनी याला ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलं तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी ९७ नंबरचे निळे शर्ट घेतले ते आठवा.

थोड्या वेळानं यजमान म्हणाला, "एक बरं आहे, याचे पैसे तरी पक्के आहेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि चहा होईपर्यंत तीच मंडळी या निष्कर्षावर आली होती, की एकोणीस वर्षांच्या पोरांच्या हातात पैसे देणं ही मोठी चूक झाली.

हचिन्सनचा पाय काही पहिल्यांदा मोडला नाही. २०२० मध्ये मिशिगनकडून इंडियानाविरुद्ध खेळताना त्याचा घोटा मोडला आणि तो हंगाम तिथेच संपला. तेव्हा स्कॉलरशिपपलीकडे एक डॉलर घ्यायची त्याला मुभा नव्हती. स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून पैसे कमवायची परवानगी खेळाडूंना मिळाली ती १ जुलै २०२१ पासून. तो बरा होऊन परत आला, २०२१ च्या हंगामात हाडवैरी ओहायो स्टेटच्या क्वार्टरबॅकला तीनदा आडवा केला, म्हणून आज त्याचं नाव आपल्या तोंडी आहे. घोटा जरा वाईट मोडला असता तर? हाड मोडायचं ते शनिवारीही मोडतं आणि रविवारीही. रविवारच्या हाडाला किंमत असावी आणि शनिवारच्या हाडानं विद्यापीठाच्या अभिमानावर भागवावं, हा कुठला न्याय?

यावर कुणी म्हणेल, मग त्यानं थेट एनएफएलमध्ये जावं. जाता येत नाही. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल कुणाला घेत नाही. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटनं २००३ मध्ये या नियमाला कोर्टात आव्हान दिलं. खालच्या कोर्टात जिंकला, वरच्या कोर्टात हरला. म्हणजे एकीकडे पगाराचं दार बंद आणि दुसरीकडे, ज्या दारातून त्याला आत घेतात, तिथे २०२५ पर्यंत पगार घ्यायला बंदी. एनएफएलला स्वतःचे खेळाडू घडवायचा खर्च करावाच लागत नाही. ते काम विद्यापीठं परस्पर करून देतात, आणि त्या बदल्यात विद्यापीठांना मिळतो भरलेला शनिवार. आपल्या मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. त्या बाकांवर नोव्हेंबरचे जाड कोट घालून मांडीला मांडी लावून बसलेल्या कुणालाही, आपण फुकटचा खेळ बघायला आलोय, असं वाटत नसावं.

"पण त्यांना फुकट शिक्षण मिळतं की!" हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकतो, त्यांतले निम्मे लोक इथे असिस्टंटशिपवर शिकलेले आहेत. आपली फी माफ होती आणि वर दरमहा पैसेही मिळत होते, कारण आपण विद्यापीठासाठी काम करत होतो: पेपर तपासत होतो, लॅब घेत होतो. त्यानं आपल्या विद्यार्जनाला बट्टा लागला असं कुणी म्हटलं नाही. मिशिगनमध्ये अशा विद्यार्थ्यांची १९७० च्या दशकापासून युनियन आहे, तिचा विद्यापीठाशी लेखी करार होतो आणि २०२३ मध्ये तिनं संपही केला. कॅल्क्युलस शिकवणारा विद्यार्थी कर्मचारी ठरतो आणि ज्याच्यासाठी लाखभर लोक तिकीट काढतात तो हौशी, हे कोडं मला अजून कुणी सोडवून दाखवलेलं नाही.

हौशीपणाच्या या सोवळ्याचा इतिहासही फारसा पवित्र नाही. १९५५ मध्ये कोलोरॅडोत रे डेनिसन नावाचा खेळाडू फोर्ट लुइस कॉलेजकडून खेळताना डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेनं भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तो कॉलेजचा नोकर नव्हता, भरपाई मिळणार नाही. पैसे आल्यानं खेळाची शुद्धता गेली म्हणणाऱ्यांनी ती शुद्धता आजवर कुणाच्या कामी आली हे तपासावं. २०१० मध्ये ओहायो स्टेटच्या पोरांनी स्वतःला मिळालेल्या अंगठ्या आणि इतर चीजवस्तू विकून त्यातून गोंदवून घेतलं, म्हणून त्यांच्यावर पाच-पाच सामन्यांची बंदी आली. (ओहायो स्टेटची वकिली करायची वेळ माझ्यावर यावी, हे माझं नशीब.) आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सास ए अँड एमनं जिंबो फिशर या प्रशिक्षकाला काढलं, तेव्हा केवळ त्यानं जावं यासाठी साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम कबूल केली. पैसा होताच. तो फक्त हेल्मेट घालणाऱ्यापर्यंत पोचत नव्हता.

बरं, पैसे आणि विद्यापीठ बदलणं सोपं करणारं ट्रान्सफर पोर्टल आल्यावर सगळे चांगले खेळाडू दोन-चार बड्या विद्यापीठांत गोळा होतील, ही भीती तरी खरी ठरली का? पूर्वीच्या शुद्ध काळात अलाबामानं प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली २००९ ते २०२० मध्ये सहा विजेतेपदं नेली. ५ ऑक्टोबर २०२४ ला पहिल्या क्रमांकावरच्या त्याच अलाबामाला व्हॅन्डरबिल्टनं ४०-३५ असं हरवलं. व्हॅन्डरबिल्ट म्हणजे अभ्यासू पोरांचं विद्यापीठ. अलाबामाला त्यांनी त्याआधी हरवलं होतं १९८४ मध्ये. पोरांनी गोलपोस्ट उपटून नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून मिरवत नेले आणि कंबरलँड नदीत सोडले. त्या दिवशीचा त्यांचा क्वार्टरबॅक डिएगो पाविया न्यू मेक्सिको स्टेटमधून बदली होऊन आलेला. आणि इंडियाना! २०२३ मध्ये बारापैकी नऊ सामने हरलेला संघ. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आपल्या जुन्या विद्यापीठातले डझनभर खेळाडू घेऊन आले आणि इंडियानानं २०२४ च्या हंगामात पहिले आठच्या आठ सामने जिंकले. मिशिगनला ९ नोव्हेंबरला त्यांच्याच मैदानावर जायचं होतं, आणि इंडियानाला जाताना पोटात गोळा येण्याची वेळ आपल्यावर येईल असं कुणाला वाटलं होतं?

खेळाचं खरं नुकसान झालंय ते दुसरीकडे, आणि ते खेळाडूंनी केलेलं नाही. बिग टेन ही आपली कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, १८९६ ची. शेजारपाजारची राज्यं, गाडीनं जाण्याच्या अंतरावरची मैदानं, एकाच ऑफिसात दोन्ही बाजूंचे पदवीधर, सोमवारची टोमणेबाजी, यावर तिची मजा उभी होती. २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात अब्ज डॉलरहून मोठा करार झाला आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टनमधली चार विद्यापीठं आत आली. आता बिग टेनमध्ये अठरा संघ आहेत. यूसीएलएची मुलं त्या ऑक्टोबरमध्ये एकदा पेन्सिल्व्हेनियात आणि एकदा न्यू जर्सीत खेळून आली, दोन्ही वेळा अख्खा देश ओलांडून. तिकडे पश्चिमेची पॅक-१२ ही कॉन्फरन्स मोडली. तिच्यात तेव्हा दोनच विद्यापीठं उरली. पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत भरत नाट्य मंदिराच्या दारात जो आरडाओरडा होतो, तो समोरचं कॉलेज दोन चौक पलीकडचं असतं म्हणून होतो. टीव्हीच्या सोयीसाठी उद्या तिथे गुवाहाटीचं कॉलेज आणून बसवलं तर नाटक होईल, पण घोषणा कोण देणार? बिग टेनचा हा विस्तार ठरवला विद्यापीठांच्या अध्यक्षांनी आणि टीव्ही कंपन्यांनी. शिव्या मात्र एकोणीस वर्षांच्या पोराला.

गंमत अशी की धंदा म्हणून हिणवली जाणारी एनएफएल या बाबतीत कितीतरी शहाणी आहे. टीव्हीच्या राष्ट्रीय कराराचे पैसे बत्तीस संघांत सारखे वाटले जातात. १९९४ पासून पगारावर कमाल मर्यादा आहे. जो सगळ्यांत जास्त हरतो त्याला ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते. म्हणून लाखभर वस्तीचं ग्रीन बे न्यूयॉर्कच्या बरोबरीनं टिकतं आणि म्हणूनच आपले लायन्स वर येऊ शकले. हे सगळं चालतं कारण खेळाडूंची युनियन आहे आणि तिच्याशी करार करावा लागतो. कॉलेजांना पैसे हवे आहेत, टीव्ही हवाय. समोर बसून वाटाघाटी करणारा खेळाडू तेवढा नकोय.

त्यातही मार्ग निघतोय. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ७ ऑक्टोबर २०२४ ला खेळाडू आणि कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए यांच्यातल्या एका मोठ्या तडजोडीला प्राथमिक मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना मिळून सुमारे पावणेतीन अब्ज डॉलर, आणि २०२५ पासून विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे देण्याची मुभा, एका विद्यापीठाला वर्षाला दोन कोटी डॉलरच्या थोडं वरपर्यंत. माझ्या मते हे निम्मंच काम आहे, कारण खेळाडू अजूनही कर्मचारी ठरलेला नाही आणि दुखापतीची जबाबदारी अजूनही अधांतरीच आहे.

मिशिगनचा क्वार्टरबॅक जॅक टटल यानं २०२४ च्या ऑक्टोबरअखेर खेळ सोडला. कारण कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, कॉलेजमधला पाचवा. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यांतल्या ११० मध्ये सीटीई हा मेंदूचा आजार सापडला. कॉलेजपर्यंतच खेळलेल्या ५३ पैकी ४८ मध्ये. हे मेंदू बहुतेक शंका आलेल्या कुटुंबांनी दिलेले होते, त्यामुळे यावरून सगळ्यांचं प्रमाण काढता येत नाही. पण या आजाराची लक्षणं अनेकदा कित्येक वर्षांनी दिसतात, हे पक्कं आहे. एनसीएएनं २०२४ च्या ऑगस्टपासून खेळ संपल्यावरच्या उपचारांसाठी विमा सुरू केलाय. त्याची मुदत दोन वर्षं.

आपल्यातल्या पुष्कळांना वर्षअखेरीला विद्यापीठाकडून देणगीसाठी फोन येतात, आणि आपण देतोही. यंदा फोन आला की जरूर द्या. पण आधी पलीकडच्या माणसाला एवढं विचारा, की दोन वर्षांनंतर या मुलांच्या डॉक्टरचं बिल कोण भरणार?