रंगभवन: शांतता क्षेत्रातल्या आठवणी

१.
‘रंगभवन’ हे नाव आज विशी-पंचविशीत असलेल्या बहुतेकांनी ऐकले आहे ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या गल्लीत हुतात्मा झाले, ती रंगभवनची गल्ली. पण ज्या वास्तूवरून ती गल्ली ओळखली जाते, तिच्या आवारात त्याआधी पाव शतक काय घडत होते? आजचा धागा त्याविषयी. माहितीसोबत माझे मतही आहे. ते पटले नाही तर जरूर वाद घाला.

२.
स्थळ धोबीतलाव. शेजारी सेंट झेवियर्स महाविद्यालय, हाकेच्या अंतरावर कामा रुग्णालय, जवळच मेट्रो चित्रपटगृह आणि आझाद मैदान. एकीकडे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दुसरीकडे मरीन लाइन्स. दोन्ही स्थानकांवरून चालत यावे इतके जवळ. रंगभवन हे राज्य शासनाचे खुले प्रेक्षागृह. मराठी नाटके आणि शासकीय सांस्कृतिक सोहळे येथे होत. म्हणजे नाव मराठी, मालकी शासनाची, आणि तरीही ज्यांच्या मनात ते आजही घर करून आहे, त्यांपैकी पुष्कळजण रॉक संगीताचे चाहते आहेत.

३.
हा योगायोग वाटतो तितका विचित्र नाही. गोव्याहून मुंबईत आलेल्यांचे ‘कूड’, म्हणजे गावागावांचे निवासी क्लब, याच परिसरात होते. जेर महाल ही इमारत त्यांसाठी प्रसिद्ध. पाश्चात्त्य वाद्यांचे फुर्ताडोचे दुकानही इथलेच. हॉटेलांतले जॅझ आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद ज्या गोमंतकीय वादकांनी उभे केले, त्यांचा राबता या गल्ल्यांत होता. त्यामुळे रंगभवनात गिटार वाजली तेव्हा धोबीतलावला ती परकी नव्हती.

४.
१९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने येथे ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्ससारखा थोर सॅक्सोफोनवादक मुंबईकरांना ऐकायला मिळाला. महोत्सवाला ‘यात्रा’ म्हणण्यातच इथल्या मातीचा गंध आहे.

५.
१९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केला. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास भरणारा, भारतीय बँडचा महोत्सव. पुढे ‘इंडस क्रीड’ झालेले ‘रॉक मशीन’, नंतरच्या पिढीतले ‘पेंटाग्राम’ आणि ‘परिक्रमा’ ही नावे त्या काळाशी जोडलेली आहेत. तेव्हा परदेशी कॅसेट मिळवणेही दुरापास्त होते. चांगली गिटार तर एखाद्या परदेशस्थ नातलगाच्या कृपेनेच हाती येई. अशा काळात आपल्यासारखाच वेडा माणूस शेजारी उभा दिसणे, हेच रंगभवनचे पहिले आकर्षण होते.

६.
मी तेथे एकही मैफल ऐकलेली नाही. मैफली थांबल्या तेव्हा मी तीन वर्षांची होते. माझा रंगभवन हा माझ्या मामाकडून आलेला आहे. डोंबिवलीचा, कॉमर्सचा विद्यार्थी. शेवटची लोकल चुकली की फलाटावरच रात्र काढायची, हे ठरलेले. त्याच्याकडे अजून एक तिकीट आहे, शिक्का पुसट झालेले, आजीच्या पासबुकात जपून ठेवलेले. “जॅझ यात्रेत आम्ही चिंब भिजलो होतो,” असे तो दरवेळी सांगतो. मी ते लहानपणापासून ऐकत आले आहे.

७.
एम.ए.च्या पहिल्या वर्षी माझ्या लक्षात आले, की हे घडणे कठीण आहे. जॅझ यात्रा हिवाळ्यात भरत असे आणि मुंबईचा हिवाळा कोरडा. पाऊस असायचा तो ऑगस्टमध्ये, इंडिपेंडन्स रॉकला. मामाच्या मनात दोन महोत्सव एकमेकांत मिसळले आहेत. मी हे त्याला दाखवून दिले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “असेल. पण भिजलो होतो, हे नक्की.”

८.
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला आलेस्सांद्रो पोर्तेल्ली आठवल्याशिवाय राहत नाही. इटलीतल्या तेर्नी गावात लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनांत पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. कित्येक कामगारांनी मात्र तो मृत्यू १९५३ च्या, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात घडल्याचे सांगितले. पोर्तेल्लीने ही चूक फेकून दिली नाही. त्या मृत्यूला कामगारांनी कोणता अर्थ दिला, हे त्याला त्या चुकीतूनच कळले.

९.
मामाची चूक मला अशीच वाचावीशी वाटते. तारखेच्या बाबतीत तो अविश्वसनीय साक्षीदार आहे. पण छप्पर नसलेल्या जागेत अनोळखी माणसांबरोबर भिजणे हा त्याच्यासाठी रंगभवनचा गाभा होता, याबाबत त्याच्याइतका विश्वसनीय साक्षीदार दुसरा नाही. स्मरणरंजन म्हणजे इतिहास नव्हे, हे आपण वर्गात शिकतो. त्याच्यावाचून या जागेचा इतिहास लिहिता येणार नाही, हेही शिकायला हवे.

१०.
आता वादाचा मुद्दा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर ‘शांतता क्षेत्र’ ठरू शकतो. तेथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. साधे संभाषणच साठीच्या घरात जाते. रॉकची गोष्टच सोडा. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर या नियमांची अंमलबजावणी कडक झाली आणि रंगभवनातल्या मैफली थांबल्या.

११.
चाहत्यांच्या आठवणी या वळणावर एकसुरी होतात. ‘न्यायालयाने रॉक संपवले’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. मला ते मान्य नाही. शस्त्रक्रियेनंतर डोळा लागू न शकलेल्या रुग्णाने, वॉर्डात फेऱ्या घालणाऱ्या परिचारिकेने त्या रात्रींविषयी काय सांगितले असते? ते कुणी नोंदवलेले नाही. रुग्ण बरा होऊन घरी जातो. वॉर्डातल्या रात्रीचे तिकीट कुणी पासबुकात जपत नाही. आपल्याकडे आठवणी उरल्या आहेत त्या एकाच बाजूच्या, आणि एकाच बाजूचे दप्तर पाहून निवाडा करू नये, हा आपल्या विषयाचा पहिला धडा.

१२.
म्हणून काही अन्याय झालाच नाही, असेही नाही. नियम योग्य होता. नियमानंतर जे करायला हवे होते ते झाले नाही. शिवाजी पार्क २०१० मध्ये शांतता क्षेत्र ठरले, तरी महाराष्ट्र दिन, महापरिनिर्वाण दिन अशा दिवसांसाठी अपवाद राहिले, आणि ते योग्यच आहे. यावरून इतके दिसते, की एखाद्या जागेची आठवण महत्त्वाची आहे असे शहराला वाटले, तर वाट निघते. रंगभवनसाठी वर्षातून दोन दिवसांचा अपवाद किंवा तितकीच सोयीची पर्यायी जागा, यांपैकी काहीच पदरात पडले नाही.

१३.
परिणाम आपण भोगतो आहोत. महोत्सव आधी उपनगरांकडे सरकले. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम नेरुळच्या भल्यामोठ्या क्रीडासंकुलात झाले. तिकिटे हजारोंच्या घरात. मोठ्या मैफली आजही होतात. हरवली ती मधली जागा: दोन्ही रेल्वेमार्गांना जवळची, सरकारी, विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी, जिथे नवखा बँडही मोठ्या गर्दीसमोर उभा राहू शकत असे. डोंबिवलीच्या मुलाला तेथे कुणाची ओळख लागत नव्हती.

१४.
आणि एक दोष आपला, मराठीत इतिहास लिहिणाऱ्यांचा. रंगभवनच्या रॉकविषयी जे काही लिहिले गेले ते बहुतेक इंग्रजीत, आणि त्यात तिथल्या मराठी नाटकांचा मागमूस नसतो. उलट मराठी रंगभूमीविषयीच्या लेखनात रंगभवन आले, तर तिथल्या गिटारींचा उल्लेख सापडत नाही. पायऱ्या त्याच, मंच तोच. पण दोन भाषांतल्या दोन आठवणींनी एकमेकींना पाहिलेलेच नाही. तिसरी आठवण २००८ ची. ती इतकी जड आहे की तिच्याखाली आधीच्या दोन्ही दिसेनाशा झाल्या.

१५.
माझे म्हणणे एवढेच आहे. या तिन्ही आठवणी एकत्र मांडल्याशिवाय रंगभवनचा इतिहास पुरा होत नाही, आणि वॉर्डातली चौथी मिळाली तर तिलाही त्याच पानावर जागा हवी. वास्तूच्या पुनर्विकासाच्या घोषणा वेळोवेळी होत आल्या आहेत. उद्या तेथे नवी इमारत उभी राहिलीच, तर तिच्या भिंतीवर काय लिहायचे, हे सांगता येण्याइतके तरी पुरावे आपल्या हाती असावेत.

१६.
हे काम आपल्यालाच जमण्यासारखे आहे. तुमच्या मामा-काकांपैकी, आत्या-मावशींपैकी कुणी १९७८ ते २००३ या काळात धोबीतलावला गेले असेल. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि विचारा: कुणाबरोबर गेलात, तिकीट कितीचे होते, घरी काय सांगून निघालात, परत कसे आलात. तारीख चुकली तर टोकू नका. बाजूला टीप लिहून ठेवा. तिकीट, भित्तिपत्रक, फोटो सापडला तर दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढा.

१७.
मामाच्या तिकिटाचे छायाचित्र मी काढले आहे. त्यावरचे वर्ष वाचता येत नाही. एका कोपऱ्यावर मात्र पाण्याचा डाग आहे.