मसुदा येण्याआधी यादी करा

कळंबकरांनो आणि निर्मळ, भुईगाव, राजोडीच्या शेजाऱ्यांनो,

सिडकोने केलेला वसई-विरारचा विकास आराखडा 2021 पर्यंतचा होता. त्याची मुदत केव्हाच उलटली. पुढच्या आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी कायद्याने मोजकेच दिवस मिळतात. तेवढ्यात अर्ज लिहून होतो, पण गावातली जुनी ठिकाणे शोधून, मोजून कागदावर आणणे होत नाही. ते काम आत्ताच हाती घ्यायला हवे.

वारसा म्हटले की आपल्याकडे दोन नावे येतात : चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये जिंकून घेतलेला वसईचा किल्ला आणि सोपाऱ्याचा स्तूप. दोन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. त्यांच्यापासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, निदान कागदावर तरी. आपल्या बावखलांना, म्हणजे वाड्यांमधल्या गोड्या पाण्याच्या खड्ड्यांना, असा कोणी वाली नाही.

बावखल आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याला वारसा म्हणताना हसूच येते. पण काठावर उभे राहून नीट बघा. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि इथे पाणी गोडे! कधीकाळी याच काठावर रहाट फिरायचा, पाटाने पाणी केळीला आणि पानवेलीला जायचे. आजूबाजूच्या वाड्यांच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत. पावसाळ्यात हेच बावखल वाडीतले पाणी पोटात घेते आणि जमिनीत मुरवते, त्यामुळे शेजारच्या विहिरी मचूळ होत नाहीत. पाणी अडवणे, जिरवणे आणि वाटून घेणे ही तिन्ही कामे एका खड्ड्यात बसवणारे आपले वाडवडील नगररचनाकार नव्हते, पण काम त्यांचे नगररचनेचेच होते.

आता असल्या खड्ड्यात रातोरात डंपर रिकामे होतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत जागा सपाट होते आणि नंतर तिथे काही होते हेच कोणाला आठवत नाही. नकाशावर नोंद नसेल तर तक्रार तरी कशाच्या जोरावर करणार? आणि पाणी मुरायच्या जागा बुजल्या तर ते जाणार कुठे? 2018 च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेले, ते आपण विसरलेलो नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चे कलम 22 सांगते की ऐतिहासिक, नैसर्गिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागांच्या जतनाची तरतूद विकास आराखड्यात करता येते. म्हणजे बावखल, जुने कौलारू घर, देऊळ, वाटेवरचा क्रूस, जुना वड या सगळ्यांना तिथे जागा मागता येते. मागणाऱ्याकडे यादी मात्र हवी.

भुईगावात 1956 मध्ये अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठव्याचा तुकडा त्याआधी 1882 मध्ये सोपाऱ्यात मिळाला होता. तेव्हा ‘आमच्या गावात काय आहे जुने?’ असे म्हणून उठून जाऊ नका.

घरमालकांची भीती मी ऐकली आहे : यादीत नाव आले की घर अडकले, कौल बदलायलाही परवानगी लागेल. भीती अगदीच पोकळ नाही, परवानगीचे हेलपाटे पडतात. पण वारसा नियमावलीने मालकी जात नाही, घर विकण्यावर बंदी येत नाही, आणि वारसा यादीतल्या तिसऱ्या श्रेणीच्या वास्तूत बदलांना बरीच मोकळीक असते. वारशामुळे बांधकामाचा हक्क डावलला गेला तर त्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची तरतूदही आहे. मालकाला विश्वासात न घेता त्याचे घर यादीत घालू नये, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. बावखलांचे तसे नाही. एकाने भराव टाकला तरी पाणी दहा वाड्यांचे जाते.

येत्या रविवारी आपापल्या आळीत बसा. म्हाताऱ्या माणसांना विचारून प्रत्येक जागेचे नाव, सर्व्हे नंबर, चतुःसीमा लिहा. फोटो काढा आणि मागे तारीख घाला. मग सगळ्यांच्या सह्यांनिशी एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तहसीलदारांकडे आणि एक महापालिकेच्या नगररचना विभागात द्या. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.